दोन झाकणं

आमच्या लॅबमध्ये मला सगळे चिमटाताई म्हणतात. एक कारण म्हणजे गेली एकतीस वर्षं माझ्या उजव्या हातात चिमटा आहे. दुसरं कारण माझी जीभ, असं शिकाऊ मुलींचं म्हणणं. त्या हे मी समोर नसताना म्हणतात, म्हणजे खरंच असणार.

काम काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. झाडाच्या कोवळ्या शेंड्याचा टाचणीच्या डोक्याएवढा तुकडा घ्यायचा, धुऊन-पुसून जंतू घालवायचे आणि काचेच्या नळीत, साखर-क्षारांच्या घट्ट जेलीवर बसवायचा. काही आठवड्यांत त्याचं बोटभर रोप होतं. माती नाही, ऊन नाही, कीड नाही. उबदार खोलीत ठेवलं तर ते हावरटासारखं वाढतं आणि महिन्याभरात नवी नळी मागतं. तेच चार अंशांच्या कोल्ड रूममध्ये मंद दिव्याखाली ठेवलं की झोपतं. मग दीड-दोन वर्षं हात लावायला नको. नाशपातीच्या तीनशे चाळीस जाती माझ्या कोल्ड रूममध्ये अशा झोपलेल्या आहेत, प्रत्येकीच्या पाच नळ्या. अख्खी बाग चार कपाटांत मावते. 'माझ्या' कोल्ड रूममध्ये म्हणते, कारण कागदावर ती संस्थेची असली तरी तिथली थंडी माझ्या गुडघ्यांत मुरलेली आहे.

त्याच तीनशे चाळीस जाती इमारतीमागच्या बागेत मातीतही उभ्या होत्या, प्रत्येकीची दोन झाडं. ती बाग माझ्या थोरल्या भावाची. म्हणजे बागेचा मुख्य माळी तो. आम्ही दोघं एकाच संस्थेत, पण माझ्या नळ्यांना तो 'बाटलीतली बाळं' म्हणायचा आणि त्याच्या झाडांना मी 'किड्यांची खानावळ' म्हणायचे. एकतीस वर्षांत त्याने कोल्ड रूममध्ये पाऊल टाकलं नव्हतं. "झाड बघायला मला स्वेटर घालावा लागत नाही," म्हणायचा.

या सगळ्यात दोनशे बारा नंबरची जात आमच्या घरची. आईच्या माहेरच्या परसात ते झाड होतं. फळ इतकं टणक, की भिंतीत खिळा ठोकायला वापरावं. म्हणून त्याचं नाव दगडी. पण काढून माळ्यावर ठेवलं आणि तीन महिने विसरलं, की लोण्यासारखं मऊ आणि असं गोड, की पाहुण्यांना द्यायचं जिवावर यावं. पुढे तिथून रस्ता गेला, घर गेलं, परस गेलं. दादाने वेळेवर काड्या आणून दोन कलमं केली. जगात दगडीची तेवढी दोनच झाडं होती. आणि माझ्याकडच्या पाच नळ्या.

यंदा फुलोऱ्याच्या वेळी बागेत रोग आला. फांद्यांचे शेंडे कोणी आगीत धरल्यासारखे काळे पडून वाकायला लागले. तपासनीस आले, त्यांनी दोन दिवस नमुने घेतले आणि तिसऱ्या दिवशी हुकूम दिला: नाशपातीची सगळी झाडं आठ दिवसांत मुळासकट काढून जागच्या जागी जाळायची. बागेला पिवळी पट्टी लागली. दादाने कोणाशी वाद घातला नाही, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

हुकूम आला त्याच्या तिसऱ्या दिवशी वहिनीचा फोन आला. "तुझा भाऊ जेवत नाही, आणि फ्रिजला पाठ लावून बसलाय. मला भाजीसुद्धा काढू देत नाही."

मी तशीच गेले. दादाला बाजूला ढकललं, भाजीचा कप्पा उघडला. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या सहा काड्या. विचारायची गरजच नव्हती.

"दगडीच्या ना?"

"निरोगी आहेत. मी नीट बघून घेतल्यात."

"बघून घेतल्यास? रोग काय तुला हात हलवून दाखवतो? ह्या काड्या कुठे बांधणार होतास? मेहुण्याच्या मळ्यात? म्हणजे त्याचीही झाडं काळी करायची? एवढे केस पांढरे झाले, दादा, आणि कुंपणानेच शेत खायचं?"

तो म्हणाला, "आईचं झाड आहे गं."

माझा भाऊ माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा आहे. त्याला असं बोलताना मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. माझ्या तोंडून फटकन निघून गेलं, "दगडी माझ्याकडे आहे. पाच नळ्या, रोग यायच्या कितीतरी आधीच्या, एकदम स्वच्छ. दोन वर्षांत तुला हातभर झाड करून देते. टाक त्या काड्या."

"नक्की ना?"

"माझ्या हातचं आहे."

त्याने पुढे एक शब्द विचारला नाही. फडकं उचललं, मागच्या अंगणात पाला जाळायच्या पिंपात टाकलं आणि आगपेटीची काडी ओढली. वहिनीने सुटकेचा श्वास सोडला आणि चहा टाकला. मी मात्र कप तसाच ठेवून उठले.

कारण 'माझ्या हातचं' म्हणजे नेमकं काय, ते फक्त मला ठाऊक होतं.

चौदा वर्षांपूर्वी कोल्ड रूमचं यंत्र बंद पडलं होतं. चार दिवस सुट्टी होती, कोणाला कळलं नाही. दार उघडलं तर आत भट्टी. कित्येक जातींची एकेकच नळी तगली होती. त्या एकेका नळीतून मी पुन्हा पाच-पाच केल्या. अकरा आठवडे लागले आणि एकही जात गेली नाही. त्या अकरा आठवड्यांतच एकदा तेव्हाच्या मोठ्या साहेबांनी बाहेरून पाहुणे बोलावले, 'बघा आमच्या बाईंचे हात' म्हणून. मी लॅमिनारसमोर बसले. लॅमिनार म्हणजे आमचं स्वच्छ हवेचं टेबल. मागे सतरा-अठरा माणसं आणि एक फोटोवाला.

आमचा पहिला नियम: एका वेळी एकच नळी उघडी. तेव्हा नंबर नळीवर नसायचा, फक्त झाकणावर पेन्सिलने लिहिलेला असायचा. म्हणजे झाकण हीच रोपाची ओळख. हे मी शिकाऊ मुलींना पहिल्या दिवशी सांगते आणि दुसऱ्या दिवशी ओरडून सांगते. पण त्या दिवशी मागून कोणीतरी म्हणालं, "काय वेग आहे!" आणि मला चढली. मी दोन्ही हातांनी दोन नळ्या उघडल्या, दोनशे बारा आणि अठ्ठ्याऐंशी, दोन्ही जातींची तगलेली एकेकच नळी. झाकणं पालथी ठेवली, तुकडे केले, नव्या नळ्यांत बसवले. टाळ्या पडल्या. फोटो निघाला. मग झाकणं लावायला हात नेला आणि कोणतं कुठलं ते आठवेना.

नाशपातीची रोपं त्या वयात एकसारखी दिसतात. तांदळाच्या दाण्याएवढी पानं, काय ओळखणार? मी एक क्षण थांबले. तेव्हाच वळून "थांबा, माझी चूक झाली" म्हटलं असतं, तर बागेत झाडं उभी होती, नवे शेंडे आणता आले असते. चार टोमणे ऐकून विषय संपला असता. पण मागे अठरा माणसं माझ्या हातांकडे बघत होती. जिची पानं मला जरा मोठी वाटली तिला मी दगडी ठरवलं आणि झाकण लावून टाकलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

पुढच्याच महिन्यात मी हट्ट धरला, की नंबर नळीच्या काचेवरही लिहायचा. त्या दूरदृष्टीबद्दल मला प्रशस्तिपत्र मिळालं. ते मी घरी कपाटात साड्यांच्या खाली ठेवलंय. फोटो मात्र लॅबच्या बोळात लागला. चौदा वर्षं मी त्या भिंतीशी आले की घड्याळात बघते.

तरी इतकी वर्षं मी स्वतःला समजावलं होतं, की अंदाज बरोबरच असणार. माझा अंदाज चुकत नाही. पण पिंपातल्या त्या काड्या तडतडायला लागल्या, तेव्हा समजावणं संपलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमनी बैठक घेतली. मॅडम आमच्या प्रमुख. वयाने माझ्या लेकीएवढ्या, पण डोकं शांत. म्हणाल्या, "उद्या सकाळी झाडं काढायला सुरुवात होईल. त्यानंतर ह्या नळ्याच सगळं काही. दुर्मिळ जातींच्या पाचाऐवजी दहा नळ्या करू. जागा हवी, म्हणून ज्या जाती बाजारात कोणत्याही रोपवाटिकेत मिळतात, त्या काढून टाकू. चिमटाताई, यादी तुमच्याकडे देते. आजच टाकून द्या."

साठ नंबर होते यादीत. चौदावा नंबर अठ्ठ्याऐंशी.

अठ्ठ्याऐंशी म्हणजे रस्त्यावर गाडीगाडीने मिळणारी पाणचट नाशपाती. ती गेली तर कोणी रडणार नाही. मी ट्रे भरायला घेतला. टाकायच्या नळ्या ऑटोक्लेव्हमध्ये जातात. ऑटोक्लेव्ह म्हणजे हत्तीएवढा प्रेशर कुकर, त्यातून जिवंत काही बाहेर येत नाही. अठ्ठ्याऐंशीच्या पाच नळ्या माझ्या हातात आल्या. बारीक, फिकट, झोपलेल्या. माझा चौदा वर्षांपूर्वीचा अंदाज चुकला असेल, तर मी आईचं झाड शिजवायला निघाले होते.

मनात पळवाट लगेच तयार झाली. चोरून ह्या पाच मागे ठेवायच्या, झालं. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण मग दगडी कोणती ते कळणार कधी? फळ धरेल तेव्हा, म्हणजे सात-आठ वर्षांनी. तोवर मी निवृत्त, आणि दादा सत्तरीला टेकलेला. डीएनएची तपासणी करता येते, पण ताडून बघायला मूळ झाडाचं पान हवं आणि मूळ झाड उद्या जळणार. बागेला पट्टी, आत जायला तपासनिसांची परवानगी, परवानगीला मॅडमची सही. बाजारातल्या अठ्ठ्याऐंशीशी ताडायचं म्हटलं, तरी तपासणीचं कारण मॅडमना सांगावंच लागणार. कुठूनही गेलं तरी रस्ता माझ्याच तोंडातून जात होता.

मी मॅडमना बोळात घेऊन गेले आणि फोटोसमोर उभं केलं.

"ह्यात उघड्या नळ्या किती दिसतात?"

त्यांनी चष्मा वर केला. "दोन."

"नियम काय आहे?"

त्या फोटोच्या आणखी जवळ सरकल्या. चौदा वर्षं तो फोटो तिथे होता, शेकडो लोक त्याखालून गेले, पण सगळ्यांनी माझे हातच पाहिले, झाकणं कोणी मोजली नाहीत. मी सगळं सांगितलं. अठरा पाहुणे, पालथी झाकणं, प्रशस्तिपत्र, कालच्या सहा काड्या. रडले नाही. रडायला आलं होतं, पण चूक सांगताना रडलं की समोरच्याला आपलीच समजूत घालावी लागते, आणि तेवढा वेळ नव्हता.

मॅडम शेजारच्या स्टुलावर बसल्या. मी बोलणी खायची तयारी ठेवली होती. त्या एवढंच म्हणाल्या, "अशी आणखी कोणती नळी?"

"नाही. ही एकच वेळ."

"तुमच्यावर माझा विश्वास आहे, ताई. पण आता तुमच्या शब्दावर थांबता येणार नाही."

हे वाक्य मला झोंबलं. बरोबर होतं म्हणूनच झोंबलं.

मग त्यांनी फोन लावले. अर्ध्या तासात ठरलं: फक्त दोन जातींची नाही, सगळ्या तीनशे चाळीस जातींची पानं घ्यायची, झाडं पडायच्या आत, तपासनिसांसमोर, अल्कोहोलच्या बंद डब्यांत. कोणतं झाड कुठे उभं आहे ते खात्रीने सांगणारा माणूस एकच होता. त्याला मीच सांगायचं होतं.

दादा बागेच्या फाटकाशी उभा होता. मी उभ्याउभ्याच सांगितलं. त्याने पूर्ण ऐकून घेतलं.

"मी तुला 'नक्की ना' म्हणून विचारलं होतं."

"हो."

"तू 'माझ्या हातचं आहे' म्हणालीस."

"हो, दादा."

"मी काड्या जाळल्या."

तो ओरडला असता तर मी उलट ओरडले असते, आम्हा भावंडांना ते जमतं. तो ओरडला नाही. वळून आत गेला आणि संध्याकाळपर्यंत तपासनिसांना एकेक झाड दाखवत फिरला. हातात नकाशा नाही, वही नाही. "ही दोनशे बारा. ती अठ्ठ्याऐंशी, शेवटून तिसरी." शिकाऊ मुली पानं खुडत होत्या, मी डब्यांवर नंबर घालत होते. झाकणावरही आणि डब्यावरही. माझ्याकडे त्याने एकदाही पाहिलं नाही. पण एक सांगते, रागाने का होईना, त्या दिवशी माझ्या भावासारखा माळी त्या बागेत दुसरा नव्हता. सहाशे ऐंशी झाडं त्याने अंधार पडायच्या आत तोंडपाठ म्हणून दाखवली.

दुसऱ्या दिवशी बाग जळायला लागली. तीन दिवस धूर होता.

तपासणीला सात आठवडे लागले. तेवढे दिवस दादा माझ्याशी कामापुरतंही बोलला नाही. निरोप वहिनीमार्फत यायचे. यादीतल्या साठही जातींना मॅडमनी हात लावू दिला नाही. आम्ही दाटीवाटीने नळ्या लावल्या आणि वाट पाहिली.

निकाल आला तेव्हा मी लॅमिनारवर होते. मॅडम कागद घेऊन दारात उभ्या राहिल्या. मी हातातली नळी बंद केली, मग वळले.

"तीनशे अडतीस बरोबर," त्या म्हणाल्या. "दोन उलट. तुमच्या दोनशे बारावर अठ्ठ्याऐंशी आहे, आणि अठ्ठ्याऐंशीवर..."

"दगडी."

"दगडी."

म्हणजे माझा अंदाज चुकला होता. चौदा वर्षं मी पाणचट नाशपातीला आईचं झाड म्हणून जपत होते. आणि आईचं झाड त्या दिवशी माझ्याच हाताने ट्रेमध्ये चढलं होतं, कुकरपासून पंचवीस पावलांवर. मी हातातला चिमटा खाली ठेवला. मग जे वाटलं ते लपवत नाही: मला हसू फुटलं. अगदी पोटातून. मी चुकले होते आणि दगडी जिवंत होती! आणि तीनशे चाळीसातल्या तीनशे अडतीस पक्क्या निघाल्या होत्या. मी सांगते म्हणून नाही, पानाला पान ताडून.

नोंदवहीत दुरुस्ती लिहायची होती. मॅडमनी मसुदा केला, 'तपासणीत दोन नंबरांची अदलाबदल आढळून आली.' भल्या आहेत बिचाऱ्या. मी म्हटलं, "मॅडम, अदलाबदल आपोआप होत नाही." आणि माझ्या अक्षरात लिहिलं, की दोन नळ्या एकाच वेळी उघडल्या, झाकणं माझ्या हातून बदलली, आणि चौदा वर्षं मी सांगितलं नाही. खाली सही केली. एकतीस वर्षांत पुष्कळ सह्या केल्या, पण ही करताना माझी पाठ ताठ होती.

दादाला फोनवर निकाल सांगितला. "बरं," म्हणाला आणि ठेवून दिला.

त्यानंतर आठवड्याभराने पाहुणे आले. दुसऱ्या संस्थांची माणसं. बागा जळाल्या तर काय उरतं, ते त्यांना बघायचं होतं, कारण रोग त्यांच्याही दाराशी आला होता. मी कोल्ड रूममध्ये दगडीच्या दहा नळ्या मांडून उभी होते. मॅडम बोलत होत्या, संग्रहातली प्रत्येक जात आता मूळ झाडाशी ताडून पक्की केली आहे, असा संग्रह फारच थोड्यांकडे असेल, वगैरे. मागून दार उघडलं. बाहेरच्या खुंटीवरचा कोणाचातरी स्वेटर घालून, गुंड्या वरखाली लावून दादा आत आला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. कोणी बोलावलं होतं ते मला माहीत नाही. बहुतेक वहिनीने ढकललं असणार.

पाहुण्यांतल्या एका वयस्क बाईंनी विचारलं, "मुळात ताडून बघायचं कसं सुचलं?"

मॅडम माझ्याकडे बघून अडखळल्या. मी म्हटलं, "नळ्यांची अदलाबदल झाली होती."

"कोणाकडून?"

"माझ्याकडून."

"आणि पकडली कोणी?"

"मीच."

तेवढ्यात बाजूने दादाचा आवाज आला. तो पुढे येऊन दगडीची एक नळी दोन्ही हातांत धरून उजेडाकडे बघत होता, आणि बोलताना त्याने नळीवरची नजर काढली नाही.

"आणि बहीण माझी," तो म्हणाला.

दोन महिन्यांत माझ्याबद्दल त्याच्या तोंडून निघालेलं हे पहिलं वाक्य, आणि तेही माझ्याशी नाही, पाहुण्यांशी.